पुसलेली दारं

आधी तिचं सांगते, मग माझं.

पनवेलच्या कडेला आमची पत्र्याच्या खोल्यांची वस्ती होती. तिथं सरकारी दवाखान्याची एक आशा सेविका यायची, सगळे तिला ताई म्हणायचे. तिनं मला वाचवलं. जीव वाचवला असं म्हणत नाही, जगले तर मी असतेच. पण स्वतःच्या नजरेतून उतरून जगले असते, आणि तसं जगणं मला जमलं नसतं. तिचं नाव इथं घालत नाही. विचारलं होतं तिला. म्हणाली, "माजं नाव नको लिवू गो बाय. ज्यांची पोरं सुईला धरून ठेवली ती सगली मोठी झाली आता, भांडायला येतील."

ती नेऱ्याकडची. म्हणजे सासर नेऱ्याकडं, माहेर चिरनेर. जंगल सत्याग्रहाचं गाव म्हणून माहेरचा अभिमान मोठा. कुणी आवाज चढवला की कमरेला हात लावून म्हणायची, "चिरनेरची हाय मी, भिणार नाय कोणाला." पण खांद्याला निळा लशीचा डबा, हातात फडफडणारे कागद आणि पायात एका बाजूला झिजलेली चप्पल, अशी ती आली की भिण्यासारखं तिच्यात काहीच नसायचं. गुडघे तेव्हाही दुखायचे. उंबऱ्यावर बसताना "आई गो" म्हणायची आणि उठताना देवाचं नाव घ्यायची.

आता माझं.

मी हिंगोलीकडची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला पलीकडच्या गावी जावं लागायचं, ओढा ओलांडून. त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली आणि घरातल्या थोरल्या मुलीचं जे होतं ते माझं झालं. शाळा सुटली त्याचं कुणी वाईट मानलं नाही, मीही तेव्हा मानलं नाही. नंतर लग्न झालं. नवरा सेंटरिंगच्या कामावर, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावण्याच्या. जिथं टॉवर उभा राहील तिथं आम्ही. असं करत पनवेलला आलो तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती.

वस्तीत एका ओळीत अठरा खोल्या. पत्र्याच्या भिंती, वर पत्रा, त्याच्यावर उडू नये म्हणून दगड. दारंसुद्धा पत्र्याचीच, लाकडी पट्ट्यांवर ठोकलेली. ओळीत कुणी बीडचं, कुणी झारखंडचं, कुणी कर्नाटकातलं. शेजारी आमच्याच बाजूची एक म्हातारी होती. दोन नातवंडं सांभाळायची आणि बाकी वेळ सगळ्यांच्या कागाळ्या. मी तिला मावशी म्हणायची.

त्या ओळीत मी सर्वांत जास्त शिकलेली. हसू नका. सातवी म्हणजे तिथं वकील. बाया औषधाच्या बाटल्या घेऊन यायच्या, मोबाइलवरचे मेसेज घेऊन यायच्या. मुकादमानं चिकटवलेला कागद वाचायला मला हात धरून न्यायच्या. मला आवडायचं ते. शाळा सुटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला "तुला येतं ना, सांग" म्हणत होतं. त्यामुळं जे येत नव्हतं तेही मी येतं म्हणून सांगायला लागले. बाटलीवर इंग्रजी असेल तर वासावरून सांगायची, खोकल्याचं आहे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

आणि मी भित्री. अजूनही आहे. कडी तीनदा बघते. मुलगी झोपली की तिच्या नाकापुढं बोट धरून बघते.

भीतीला कारणही होतं. याआधीच्या वस्तीत, इथून फार लांब नव्हती ती, एक दिवस दोन माणसं हसत हसत आली. पोरांना बिस्किटं वाटली. घरात माणसं किती विचारलं, वहीत लिहिलं, आणि जाताना प्रत्येक दारावर खडूनं आकडा टाकला. आम्हाला वाटलं, रेशनचं काहीतरी असेल. चौथ्या दिवशी जेसीबी आला. चुलीवर भात अर्धा शिजलेला होता. मी ते पातेलं फडक्यात धरून आणि मुलीला काखेत मारून रस्त्याच्या पलीकडं उभी राहिले, आणि ते आकडे एकामागून एक खाली पडताना बघितले. माझ्या दारावर सहा होता.

नव्या वस्तीत येऊन दोन महिने झाले असतील. थंडीचे दिवस. मंगळवार होता. मी मुलीला घेऊन साइटवर गेले होते, विटा द्यायला. दुपारी परत आले तर ओळीत सगळ्या बाया दाराबाहेर, आणि मावशी सगळ्यांत पुढं.

"आलीस बया! बघ आता काय ते. ती दवाखान्यातली बाई येऊन पोरांना पोलिओचे थेंब पाजून गेली."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसलं! जाताना दारादारावर खरडून गेली. वाच बरं काय हाय ते."

मी बघितलं. खडूनं एक आकडा, त्याच्या खाली दुसरा आकडा, एक बाण, आणि शेवटी इंग्रजी अक्षर. ओळीतल्या प्रत्येक दारावर. माझ्या दारावर मात्र अक्षर नव्हतं. फुली होती. मोठी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढलेली.

शाळेत गणित चुकलं की मास्तर फुली मारायचे. जे नको असेल, जे खोडायचं असेल, त्याच्यावर फुली. सगळ्या बायांच्या नजरा माझ्याकडं, आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं, मला नाही कळत, उद्या त्या बाईलाच विचारू. तेवढं म्हणवलं नाही.

"तोडायचा नंबर आहे," मी म्हणाले. "बाण आहे ना, तिकडून सुरू करणार. फुली म्हणजे पहिलं माझं."

"आणि थेंब?" कुणीतरी विचारलं.

"थेंब निमित्त. मागच्या वस्तीत बिस्किटं होती."

एवढं खात्रीनं मी आयुष्यात दुसरं काही बोलले नसेन. मग मीच बादलीत फडकं बुडवलं आणि अठरा दारं पुसली. बाया मागून बादली घेऊन चालत होत्या. मावशी म्हणाली, "शिकलेलं माणूस ओळीत असावं बाई एक."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप पडली. "बाय, हाय का कोण? पोरीला थेंब ऱ्हायलेत." मी आतून कडी घातली होती. मुलीच्या तोंडावर हात ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. बाहेर थोडा वेळ कुणी हललं नाही. मग चप्पल घासत घासत पावलं गेली.

शुक्रवारी गाडी आली.

पांढरी गाडी, वस्तीच्या तोंडाशी थांबली. मी घरीच होते, मुलीला खोकला झाला म्हणून. बाकीच्या बाया पोरांना घेऊन साइटवर. ओळीत मी, मावशी आणि तिची दोन नातवंडं. गाडीतून दवाखान्याचे डॉक्टरसाहेब उतरले. त्यांच्यामागून एक उंच, काळी, पांढऱ्या केसांची बाई उतरली, गळ्यात ओळखपत्र. ती परदेशातली डॉक्टर होती. जगभर थेंबांचं काम बरोबर होतंय का ते बघत फिरणाऱ्यांपैकी एक. तिचं बोलणं मराठीत सांगायला एक तरुण मुलगी बरोबर होती. आणि सगळ्यांच्या मागून, निळा डबा घेऊन, ताई.

ती बाई पहिल्या दारापुढं थांबली. दुसऱ्या. तिसऱ्या. मग साहेबांकडं बघून काहीतरी म्हणाली. साहेबांचा चेहरा उतरला.

"ताई, खुणा कुठं आहेत?"

"केल्या होत्या, सर. मंगलवारी."

"मग गेल्या कुठं? अठरा दारं, आणि एकावरही नाही?"

"पुसल्या असतील कोणीतरी."

"कोण पुसेल? आणि का पुसेल?" त्यांनी कागद उलटला. "इथं अकरा मुलं लिहिलीत तुम्ही."

साहेबांनी मावशीच्या नातवंडांच्या करंगळ्या बघितल्या. दोघांच्याही डाव्या करंगळीला थेंब पाजल्याची काळी शाई होती. साहेब म्हणाले, "दोघांना पाजलं आणि अकरा लिहिली, असं समजायचं का आम्ही? घरी बसून आकडे भरलेत?"

तेवढ्यात त्या परदेशी बाईनं माझ्या कडेवरच्या मुलीचा डावा हात हातात घेतला, हलकेच, पाखरू धरल्यासारखा. करंगळी बघितली. कोरी.

साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"हे फुलीचं घर हाय, सर," ताई म्हणाली. "पोरगी नव्हती त्या दिवशी. मी दुसऱ्या दिवशी परत आलते."

"मग?"

ताईनं माझ्याकडं बघितलं. तिला माहीत होतं. मला तेव्हाच कळलं की तिला माहीत होतं, कसं ते नाही कळलं. तिनं फक्त एवढं म्हणायचं होतं, ही बाई आत लपून बसली होती. एका वाक्यात ती सुटली असती.

"दार लावलेलं होतं, सर," ती म्हणाली, आणि खाली बघितलं.

साहेब म्हणाले, "मला हे वर लिहून द्यावं लागेल. पुढच्या फेरीला तुमचं नाव राहील असं वाटत नाही." चिडून नाही म्हणाले. थकलेल्या माणसासारखे म्हणाले.

मला वाटत होतं की बोलावं. आणि वाटत होतं की बोलले तर मुकादमाला कळेल, मुकादम म्हणेल सरकारी कामात लफडं केलं, आणि खोली जाईल. नवरा सातव्या मजल्यावर होता. मुलगी खोकत होती. मी दारं पुसली हे मावशीला माहीत होतं, पण मावशी पदराचा धागा उपटत बसली होती. ताईच्या कपाळावर घाम आला होता, थंडीत. तो मी बघितला आणि माझ्या तोंडातून शब्द निघून गेले.

"मी पुसलं."

"काय?"

"दारं मी पुसली. सगळी. आणि त्या दिवशी मी आतच होते."

साहेब एकदम तापले. "अहो, तुम्हाला समजतं का? ही काय रांगोळी आहे पुसायला?" आणखीही बोलले. पण त्या परदेशी बाईनं हात वर केला. तिथं प्लॅस्टरची एक रिकामी बादली पालथी पडली होती, तिच्यावर ती बसली. साहेब म्हणाले, खुर्ची आणतो. ती नको म्हणाली. मग बरोबरच्या त्या तरुण मुलीच्या तोंडून मला विचारलं, "का पुसलंत?"

मी सांगितलं. बिस्किटं, वही, आकडे, जेसीबी, भाताचं पातेलं. फुलीचं सांगितलं. मला वाचता आलं नाही आणि तरी मी वाचलं, हेही सांगितलं. ते सगळ्यांत जड गेलं. त्या मुलीला माझं बोलणं परदेशी बाईला सांगताना मध्येच थांबावं लागलं.

परदेशी बाई उठली. मला वाटलं, झालं, आता काय ते होणार. ती आमच्या ओळीतून चालायला लागली, पण नीट नाही. एक पाय ओढत. हातानं मांडी उचलत, पुढं टाकत, पुन्हा ओढत. मावशीची नातवंडं खदाखदा हसली. तीही हसली, आणि परत येऊन बसली.

"माझा थोरला भाऊ असा चालायचा," ती म्हणाली. "आमच्या गावात थेंब उशिरा आले. माझ्या वेळेला आले, त्याच्या वेळेला नव्हते."

पुढं तिनं असंही सांगितलं, की तिच्या गावात जेव्हा पहिल्यांदा थेंब घेऊन माणसं आली, तेव्हा तिच्या आईनं पोरांना धान्याच्या कणगीत लपवलं होतं. मग म्हणाली, "आता तुम्ही सांगा. खूण कशी करायला पाहिजे होती, म्हणजे तुम्ही पुसली नसती?"

आजवर मला कुणी असं विचारलं नव्हतं. बाटली वाच, मेसेज वाच, हे विचारलं होतं. कसं करायला पाहिजे, हे नाही. मी म्हणाले, "आधी सांगायचं. काय लिहिते ते. आणि..." मग म्हणाले, "खडू आमच्या हातात द्यायचा. आपल्या हातानं लिहिलेलं कोण पुसेल?"

साहेब काही बोलायच्या आत ताईनं पिशवीतून खडू काढून माझ्यापुढं धरला. "घे. आधी पोरीला थेंब देते. मग लिव."

निळ्या डब्यातून तिनं छोटी बाटली काढली, मुलीचे गाल दाबले, एक थेंब, दुसरा थेंब. मुलीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि जीभ बाहेर काढून बघत राहिली. करंगळीला शाई लावली. मग ताईनं जमिनीवर बोटानं ते अक्षर काढून दाखवलं आणि म्हणाली, "या अक्षराचा अर्थ, ह्या घरातली सगली पोरं झाली. फुलीचा अर्थ, इथं परत यायचं हाय. तोडायचं नाय गो. परत यायचं."

मी लिहिलं. किती वर्षांनी खडू हातात घेतला होता. तोच वास, बोटांना तीच पांढरी भुकटी. अक्षराचा पाय घसरत खाली दाराच्या पट्टीपर्यंत गेला. मावशी म्हणाली, "जेसीबी आला तर त्याला हेच दाखव. म्हण, हितलं सगळं झालं, जा पुढं."

साहेबसुद्धा हसले. जाताना त्यांनी पेन खिशात ठेवलं. ताईचं नाव राहिलं. माझी खोलीही राहिली, मुकादमाला कुणी सांगितलंच नाही.

नंतर मी ताईला विचारलं, तुम्हाला कसं कळलं मी आत आहे ते? ती म्हणाली, "भायेर पोरीची चप्पल होती, एवढीशी. चप्पल सोडून कोण पोरीला घेऊन जातो? मला काय डोलं नाय?"

"मग सांगितलं का नाही साहेबांना?"

"तू काय लपलीस मला छलायला? भ्यालीस म्हणून लपलीस. भ्यालेल्या बाईला पुढं करून माजी मान सोडवू? जा, च्या ठेव."

त्या दिवसापासून तिचा चहा आमच्याकडं. बशीत ओतून, फुंकर मारून प्यायची. ती सुकट घेऊन यायची, कागदात बांधून. मला वास सहन व्हायचा नाही. मी ज्वारीच्या मुलखातली, सुकी मासळी कधी बघितलीसुद्धा नव्हती. ती नाकाला पदर लावणाऱ्या माझ्याकडं बघून म्हणायची, "बग बग, नाक कसं उडवते! वास तुला, ताकद पोरीला." आज पनवेलच्या बाजारातून जाताना तो वास आला की मी उगीच दोन पावलं थांबते.

थंडीत एकदा तिनं आम्हाला घरी नेलं, पोपटी खायला. शेताच्या कडेला मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ-ओवा, वर भांबुर्ड्याचा पाला कोंबलेला, आणि मडकं पालथं करून भोवती जाळ. दिवस कलताना मडकं फोडलं तेव्हा जो वास आला तो मला आमच्या गावच्या हुरड्याकडं घेऊन गेला. मी रडले. ताईच्या सासूनं विचारलं, काय झालं. ताई म्हणाली, "काय नाय, धूर गेला डोल्यात." पुन्हा तिनं माझं झाकलं. तांदळाची भाकरी ती हातावर टाकायची आणि चिडवायची, "तुमच्या भाकरीला दात लागतात, आमची नुसती जिभेनं जाते."

आणखी एक आठवण सांगते. उन्हाळ्यात पनवेलला एका हॉलमध्ये आरोग्याचा मोठा कार्यक्रम होता. ताईला बोलावणं होतं, आणि साहेबांनी सांगितलं म्हणून मलाही. ताईनं गजरा माळला होता आणि इस्त्रीची साडी. स्टेजवर भला मोठा कापडी फलक. वर इंग्रजी, खाली मराठी.

"काय लिवलंय गो?"

मी या वेळी सांभाळून वाचलं. आरोग्य संवर्धन आणि समतेसाठी जागतिक नेतृत्व.

"समता म्हंजे?"

"सगळे सारखे. सगळ्यांना सारखं मिळायला पाहिजे."

तिनं हॉलभर नजर फिरवली. "मग पुडच्या खुर्च्यांना तेवडी कवरं कशाला?"

मला हसू आवरेना. पुढं बसलेल्या बाईनं मागं वळून बघितलं. भाषणं बरीच झाली. बरंचसं डोक्यावरून गेलं. पण साहेब बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी आमची गोष्ट सांगितली. नाव न घेता, पुसलेल्या अठरा दारांची. म्हणाले, आता आमच्या प्रत्येक टीमला सांगितलंय, वस्तीत लिहिण्याआधी विचारा, आणि जमलं तर खडू आईच्या हातात द्या. ताईनं मला कोपरानं ढोसलं. "तुजी गोष्ट हाय."

"तुमची," मी म्हणाले.

"गप. दोगींची."

जागतिक नेतृत्व हे शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात बसले. मला त्याचा अर्थ भाषणातून कळला नाही, माझ्या दारावरून कळला. आमची रेशनची नावं गावाकडं होती. मुकादमाच्या वहीत नवऱ्याचं नाव होतं, माझं आणि मुलीचं नव्हतं. मतदारयादी गावाकडं, घरपट्टी कसली तर नाहीच. पनवेलमध्ये आम्ही आहोत हे सांगणारा एकच कागद होता, तो ताईच्या हातातला. तिथं लिहिलेलं होतं: खोली अकरावी, मूल एक, राहिले आहे. कुठंतरी लांब, मी कधी बघणार नाही अशा इमारतीत, वेगवेगळ्या देशांची माणसं बसली असतील आणि त्यांनी ठरवलं असेल की एकही मूल सोडायचं नाही, पत्ता असो की नसो. ते ठरवलं म्हणून डबा निघाला. पण पनवेलला आल्यावर तो डबा ताईच्या खांद्यावर होता, आणि तिचे गुडघे दुखत होते. मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात.

आणि मी भित्रीच, म्हणून हेही डोक्यात येतं, की त्या लांबच्या माणसांचं लक्ष दुसरीकडं गेलं तर? उद्या कुणी म्हणालं, पुरे झालं, आता अठराव्या दारापर्यंत जायची काय गरज? मोबाइलवर बातम्या वाचते तेव्हा असं काही दिसलं की दोनदा वाचते. आता येत नाही ते येतं असं म्हणत नाही. मुलीला विचारते. तिच्या भूगोलाच्या नकाशात त्या परदेशी बाईचा देश आम्ही दोघींनी शोधला. बोट ठेवलं तर देश झाकून जातो, एवढा लहान.

वस्ती आता नाही. टॉवर पुरा झाला, तेव्हा पत्रे उचलून दुसऱ्या साइटवर गेले. जिथं आमची ओळ होती तिथं गवत लावलंय आणि वर चालू नका अशी पाटी. मी कधीकधी कुंपणाच्या बाहेर उभी राहून मोजते. तो झोपाळा आहे ना, तिथं साधारण माझं दार. मावशी गावी गेली आणि तिथंच वारली. आम्ही आता भाड्याच्या पक्क्या खोलीत राहतो. पोलिओच्या रविवारी मी नव्या वस्त्यांमध्ये जाते, मदतीला. हिंदीत बोलते, माझ्या हिंगोलीच्या बोलीत बोलते, आणि पहिल्यांदा खडू पुढं करते.

ताईनं काम सोडलं. गुडघे पार गेले, त्यात साखर निघाली. मागच्या महिन्यात भेटायला गेले होते. दारात पाय लांब करून बसली होती. गोळ्या वेळेवर घेता का विचारलं, तर म्हणाली, "घेते आठवलं तर."

"साखर तपासली का परत?"

"कोण तपासतो गो? एवडी वरसं सगल्यांच्या दारावर मीच लिवलं. माज्या दारावर कोण येतो लिवायला?"

हसत म्हणाली. मी नाही हसले.

दहावीचा फॉर्म मी भरला आहे, बाहेरून. आशाचं काम दहावीशिवाय देत नाहीत म्हणतात. गणित अवघड जातंय, मुलगी शिकवते, चुकलं की फुली मारते. आता त्या फुलीला मी भीत नाही, इथं परत यायचं आहे एवढाच तिचा अर्थ.

ताई, एक दिवस मी खांद्याला पिशवी लावून नेऱ्याच्या रस्त्यानं येईन. तुमची साखर तपासेन, गोळ्या मोजून बघेन, गुडघ्यांसाठी दवाखान्यात घेऊन जाईन आणि रांगेत तुमच्या जागी मी उभी राहीन. आणि तुम्ही नको नको म्हणाल तरी खडू तुमच्या हातात देऊन तुमच्याच दारावर लिहायला लावेन. पहिल्यांदा फुलीच लिहायची, म्हणजे पुढच्या आठवड्यात मला परत यावंच लागेल. हे मी करणार आहे. तोवर दार पुसू नका.